सातव्या घराची खूण

“उंबरवालं घर म्हणजे कुठलं?” शालननं वहीतून मान वर न करता विचारलं.

“आंबेगणातलं. अंगणात एवढा मोठा उंबर आहे. चार तास बसलो होतो त्याच्याखाली. डोक्यात उंबरं पडत होती.”

“अंगणात काय आहे ते मला काय ठाऊक? मी आत होते. चुलीशेजारी कोंबड्यांचं खुराडं होतं, तेच का हे?”

“आत काय होतं ते मला काय ठाऊक? मी बाहेर होतो.”

ती हसायला लागली आणि मग उजवी कूस हातानं दाबून थांबली. हसलं की दुखायचं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तिनं नको म्हणून मान हलवली आणि वहीत लिहिलं. पानाच्या मधोमध तिनं उभी रेघ मारली होती. रेघेच्या एका बाजूला माझी खूण, दुसऱ्या बाजूला तिची. माझ्या बाजूला ‘उंबर’, तिच्या बाजूला ‘खुराडं’. दोन्ही मिळून एक घर.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की दुखणं यकृतापर्यंत गेलंय, दोन महिने, फार तर तीन. शालनला मी काही सांगितलं नाही, पण सत्तावीस वर्षं नर्स असलेल्या बाईला कागद वाचता येतात. घरी आल्यावर तिनं एवढंच म्हटलं, “गाडी चालू करून ठेवा. मला सात घरं करायची आहेत.”

आमच्या डोंगरातल्या उपकेंद्रावर ती नर्स होती आणि शेजारीच माझी पिठाची गिरणी होती. कुणी निरोप घेऊन आलं की मी गिरणीचा पट्टा उतरवायचा, राजदूतला किक मारायची आणि तिला मागं बसवून निघायचं. घर आलं की ती पेटी घेऊन आत, मी अंगणात. बाळंतिणीच्या घरात पुरुषानं जायचं नसतं, परक्यानं तर नाहीच. सगळे मला ‘नर्सबाईंचे मालक’ म्हणायचे. शालन म्हणायची, मालक म्हणायचं आणि बाहेर बसवायचं, हा मान तुम्हालाच मिळतो. शेकड्यांनी बाळंतपणं झाली, पण त्यातल्या एकाही घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता.

सातच घरं का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “जिथं मला भीती वाटली होती, ती.”

तिला कधी भीती वाटली होती हेच मला नवीन होतं. बाहेर येताना ती नेहमी पदराला हात पुसत यायची आणि “चला” म्हणायची. त्यावरून काही कळायचं नाही.

सहा घरं लिहून झाली. मग तिनं सातवा आकडा टाकला आणि पुढं लिहिलं, ‘ठकूबाई मरगळे, वरची वस्ती’.

मी उठून खिडकी लावली. वारा नव्हता.

“तुमची खूण सांगा,” ती म्हणाली.

“तिथं मी गेलोच नाही ना. फरशीवरून मागं फिरलो होतो.”

ओढ्यावरच्या बुटक्या पुलाला आमच्याकडं फरशी म्हणतात. वरच्या वस्तीला जायचं तर आधी खिंड चढायची, मग उतरून ही फरशी ओलांडायची. त्याच्या सोळा वर्षं आधी, गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात, ठकूबाईची सून भागा अडली म्हणून निरोप आला. त्या दिवशी उपकेंद्रात लसीकरण होतं आणि चाळीस पोरं ओळीत रडत होती. सकाळी मोठा पाऊस होऊन गेला होता. शालननं मला सांगितलं, तुम्ही फरशी बघून या, पाणी नसेल तर मी हे टाकून निघते. मी गेलो, परत आलो आणि सांगितलं की फरशीवरून पाणी वाहतंय. संध्याकाळी वस्तीवरच्या माणसांनी भागाला डोलीत घालून आणलं. जन्मलेली मुलगी वाचली. भागा जीप यायच्या आत गेली.

शालननं तालुक्याला जो कागद पाठवला त्यात तिच्या सहीनं लिहिलं होतं, ‘फरशीवर पाणी असल्याने पोहोचता आले नाही’.

“मग कोरं ठेवते,” शालन म्हणाली. तिनं रेघेच्या माझ्या बाजूला काही लिहिलं नाही. तिच्या बाजूलाही लिहिलं नाही. मला वाटलं, ती दमली.

चिंचवडहून मुलाचा, महेंद्रचा, फोन आला. या अवस्थेत आईला मोटारसायकलवर नेताय, लोक काय म्हणतील, मी चारचाकी घेऊन येतो, असं तो बराच वेळ बोलत होता. शालननं फोन मागून घेतला. “अरे, चारचाकी फरशीच्या पलीकडं जात नाही,” ती म्हणाली. “आणि त्या घरांना चारचाकीचा आवाज माहीत नाही. राजदूतचा आवाज कानावर पडला की बायका कळ सोसायच्या. त्या आवाजानं माझं निम्मं काम व्हायचं. मला त्याच आवाजानं जायचंय.” मग महेंद्रनं विचारलं, बाबांना जमेल का? ती म्हणाली, बाबांना फक्त बाहेर बसायचंय.

मी गाडी बाहेर काढली. कार्बोरेटर धुतला, चेन बदलली, मागच्या सीटवर जुन्या गादीचा तुकडा बांधला. रस्ता आखायचं काम माझं होतं. खरं सांगायचं तर मी तो असा आखला की वरची वस्ती शेवटी यावी. एका दिवशी दोन घरं, मध्ये एक दिवस विश्रांती. सातव्या घरापर्यंत आठवडा जाणार होता. तिच्यात तेवढं त्राण उरणार नाही, हा हिशोब मी केला होता. बायको मरायला टेकलेली असताना मी तिच्या दुखण्याचा आधार घेतला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

कागद तिच्यापुढं ठेवला तेव्हा तिनं तो दोनदा वाचला.

“शेवटी ठेवलंत,” ती म्हणाली.

“वाटेनं तसंच पडतं.”

“बरं.”

पौषातल्या थंडीत आम्ही निघालो. झोप लागली तर पडू नये म्हणून मी तिचं जुनं नऊवारी तिच्या नि माझ्या कमरेभोवती एकत्र गुंडाळून बांधलं. तिचं वजन मागं जाणवतच नव्हतं. दर थोड्या वेळानं मी विचारायचो, आहेस का? ती पाठीवर टिचकी मारायची.

पहिल्या घरी, आंबेगणात, उंबर होता तसाच होता. मी सवयीनं त्याच्याखाली टेकलो. शालन दारातून म्हणाली, “आता कोण बाळंत होतंय? या आत.” खुराडं काढून तिथं गॅसची शेगडी आली होती. घरच्या म्हातारीनं तिची ओटी भरली आणि डोळ्याला पदर लावला. शालननंच तिची समजूत काढली.

दुसऱ्या घरची मुलगी सुभद्रा पायाळू होती. पायाकडून जन्मलेल्या माणसानं लाथ मारली की उसण जाते असं आमच्याकडं मानतात. गाडी चालवून माझ्या पाठीत चमक भरलीच होती. शालननं ते लगेच सांगून टाकलं. सुभद्रा दोन लेकरांची आई, माहेरपणाला आलेली. ती लाजून मागं सरकली. “नर्सबाईंच्या मालकांना पाय कसा लावू?”

“तू उलटी आलीस तेव्हा तुझे हे पाय मी तीन तास हातात धरले होते,” शालन म्हणाली. “आता त्यांचा काहीतरी उपयोग कर.”

मला पालथं झोपवलं. सुभद्रानं आधी माझ्या पाया पडून घेतलं आणि मग लाथ घातली. सगळं घर हसलं. शालनही हसली, आणि या वेळी तिनं कूस दाबली नाही.

तिसऱ्या घरी मात्र तिला उलटी झाली. उलटीत रक्त होतं. त्या लोकांनी अंथरूण घातलं, ती दुपारभर पडून राहिली. मी शेजारी बसून होतो. परत जाऊ या असं मी म्हटलं तेव्हा माझ्या आवाजात काळजी होती, आणि तिच्या खाली सुटकाही होती. तिला ती ऐकू गेली असावी.

“चौथं, पाचवं, सहावं सोडा,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “उद्या सकाळी सातव्याला चला.”

“शालन, खिंड आहे मध्ये. रस्ता फुटलेला आहे.”

“ती तीन घरं माझ्यासाठी होती. ती नाही झाली तरी चालेल.”

सातवं कुणासाठी, हे तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला आम्ही खिंडीत पोहोचलो. वर एक जुना हिरडा आहे. त्याच्यापाशी आल्यावर तिनं पाठीवर दोनदा टिचकी मारली. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं, लुगडं सोडलं. ती खाली उतरली आणि हिरड्याच्या मुळावर बसली. खाली ओढा, फरशी आणि पलीकडच्या चढावर वस्तीची कौलं दिसत होती.

“त्या दिवशी किती दमला होतात तुम्ही?” तिनं विचारलं.

मी उभाच राहिलो.

गौरींच्या सणाची दळणं होती. दोन दिवस गिरणी बंद झाली नव्हती. खिंड चढून आलो तेव्हा डोळे उघडे राहत नव्हते. पाच मिनिटं म्हणून गाडी बंद केली आणि याच मुळावर डोकं टेकलं. जाग आली तेव्हा दीड तास गेला होता. खाली उतरून फरशी बघायची आणि परत जायचं म्हणजे आणखी पाऊण तास. इतका वेळ कुठं होतात, असं शालननं विचारलं तर काय सांगायचं? सकाळी पाऊस झाला होताच. ओढ्याला पाणी असणारच असं मी स्वतःला सांगितलं. फरशी मी पाहिलीच नाही.

“तुला माहीत होतं?” मी विचारलं.

“डोली आणली त्यांचे पाय कोरडे होते,” शालन म्हणाली. “घोट्यापर्यंतसुद्धा ओले नव्हते.”

“मग बोलली का नाहीस?”

तिनं पेटीतली गोळी काढली, पाण्याबरोबर घेतली.

“आधी रागानं बोलले नाही. मग तुम्ही गिरणीत रात्री कुणाचं दळण घेईनासे झालात, ते पाहिलं. मग वाटलं, आपणहून सांगतील. सोळा वर्षं गेली.” तिनं हात पुढं केला. “उठवा मला.”

आम्ही उतरलो. फरशी कोरडी होती. वस्तीतलं शेवटचं घर ठकूबाईचं. समोर नुसता उघडा कातळ. सावलीला झुडूपसुद्धा नव्हतं. मी गाडी स्टँडवर लावली. शालन उतरली, पण दाराकडं गेली नाही. गाडीच्या सीटला टेकून उभी राहिली.

“चल ना,” मी म्हटलं.

“आज मी गाडीजवळ थांबते,” ती म्हणाली. “तुम्ही आत जा.”

“उन्हात उभी राहणार तू?”

“तुम्ही नाही का राहिलात इतकी वर्षं? जा.”

दाराची चौकट बुटकी होती. माझं डोकं तिला आपटलं. आत अंधार होता, डोळे सरावायला वेळ लागला. ठकूबाई जमिनीवर बसून सुपात नाचणी पाखडत होती. तिच्या मागं एक सोळा-सतरा वर्षांची पोर चुलीपाशी होती. तिचं नाव वनिता हे मला माहीत होतं. जन्माचा दाखला शालननं लिहिला होता.

मी नाव सांगितलं. ठकूबाईनं सूप थांबवलं नाही.

“वळखलं,” ती म्हणाली. “गाडीच्या आवाजावरनं वळखलं. बसा.”

मी बसलो. कसं सुरू करावं ते कळेना. तिनंच सुरू केलं.

“त्या दिशीबी आवाज आला हुता. खिंडीपतुर आला. भागा मला म्हनली, आत्या, नर्सबाई आली. कळ आली तरी वरडली न्हाई मग. आन् आवाज बंद झाला. आमी म्हनलं, वाट खराब झाली आसंल, उतरून पायी येत्यात. मानूस पाठवलं फरशीपतुर. वाट बघून बघून ते मागारी आलं. मग लई येळानं गाडी चालू झाली आन् लांब लांब गेली. तवा डोली बांधली.” ती सूप हलवत राहिली. “नर्सबाई खिंडीतनं का मागं फिरली, एवढं तिनं मला सांगावं. फरशीवर पानी हुतं म्हून कागूद केला तिनं. पानी न्हवतं.”

“नर्सबाई नव्हती गाडीवर,” मी म्हटलं.

सूप थांबलं.

“मी एकटाच होतो. तिनं मला फरशी बघायला पाठवलं होतं. मी खिंडीत झोपलो. फरशीवर पाणी आहे असं तिला खोटं सांगितलं. तिनं माझं ऐकून कागद केला.”

“झोपला?”

“हो.”

ती माझ्याकडं पाहत राहिली. शिव्या द्याव्यात असं मला वाटत होतं. तिनं दिल्या नाहीत. चुलीपाशी वनिता पाठमोरी होती, तिचा हात हलत नव्हता.

“आन् तिला ठावं हुतं?” ठकूबाईनं विचारलं.

“त्याच दिवशी कळलं होतं.”

“कळलं हुतं.” ठकूबाईनं सूप खाली ठेवलं. “ह्या पोरीला टोचाया ती पायी यायची. गाडी न्हाई, कोन न्हाई, येकटी. मी तिला उंबऱ्याच्या आत घेतली न्हाई. पोर बाहीर नेऊन द्यायचे, टोचून झालं की आत आनायचे. पानी इचारलं न्हाई. पाच वर्सं येत हुती. येकदाबी म्हनली न्हाई की माझा नवरा हुता.”

मला वहीतल्या सातव्या आकड्यापुढच्या दोन्ही कोऱ्या बाजू आठवल्या.

“कुठं हाय ती?” ठकूबाईनं विचारलं.

“बाहेर. गाडीजवळ.” मग मी सांगितलं, “तिचे फार दिवस राहिलेले नाहीत.”

म्हातारी हातावर जोर देऊन उठली. वनिता आधाराला पुढं आली, तिनं तिला बाजूला केलं. बाहेर जाताना ती माझ्या अंगावरून गेली, पण माझ्याकडं पाहिलं नाही. मी होतो तिथंच बसून राहिलो. दारातून उजेडाचा एक तुकडा दिसत होता, त्यात माझी गाडी, आणि गाडीला टेकलेली शालन, डोक्यावर पदर घेतलेली. आतून अंगण कसं दिसतं ते मी तेव्हा पाहिलं. ठकूबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. फार बोलल्याही नसाव्यात. मग म्हातारीनं तिचा हात धरला.

“वाकून या, नर्सबाई,” दारात आल्यावर ती म्हणाली. “चौकट बुटकी हाय.”

शालन वाकून आत आली. आल्या आल्या तिनं वर पाहिलं. आढ्याला पाळण्याची कडी होती, तिला आता ताकाचं शिंकं टांगलं होतं. मग तिनं वनिताकडं पाहिलं. पोरीनं पाण्याचा तांब्या दिला. शालन दोन घोट प्यायली, तिसरा तिला जाईना, पण तांब्या तिनं खाली ठेवला नाही.

मला पाणी कुणी दिलं नाही. मी मागितलंही नाही. निघताना ठकूबाईनं शालनच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं, ओटीत नाचणी घातली. मला म्हणाली, “सावकास न्या तिला.” तिचं माझ्याशी तेवढंच बोलणं झालं. ती चार वर्षांपूर्वी वारली. मी तिच्या दहाव्याला गेलो होतो आणि बाहेर कातळावर बसलो होतो.

परतताना खिंडीत शालननं पुन्हा दोनदा टिचकी मारली. मी थांबलो. तिला हिरड्याखाली बसवलं, पाठीला गादीचा तुकडा दिला.

“वही द्या,” ती म्हणाली.

सातव्या आकड्यापुढं, तिच्या बाजूला, तिनं ‘पाळण्याच्या कडीला शिंकं’ असं लिहिलं. अक्षर हलत होतं. मग पेन रेघेच्या दुसऱ्या बाजूला नेऊन तिनं माझ्याकडं पाहिलं.

“तुमची खूण?”

“खिंडीतला हिरडा,” मी म्हटलं.

तिनं ते लिहिलं, वही मिटली आणि माझ्या हातात दिली.

“मी जरा पडते,” ती म्हणाली. “पाच मिनिटं.”

तिनं डोळे मिटले. ऊन हळूहळू सरकलं आणि तिच्या पायावर आलं, तसा मी उठून सावली धरून उभा राहिलो. ती दीड तास झोपली. मी जागा होतो.